वीस वर्षे थांबा, मग बघू

माणूस खरोखर मोठा होता की नाही, हे ठरवायला लंडनमध्ये वीस वर्षे थांबतात. तो गेल्यानंतर वीस वर्षे. आपल्याकडे एवढा वेळ कोणाला आहे? मंडळी स्मशानातून परत येईपर्यंत चौकात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फ्लेक्स लागलेला असतो. त्यात गेलेल्याचा फोटो एक आणि खाली ‘शोकाकुल’ म्हणून हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो बावीस. तेराव्यापर्यंत त्या चौकाला नाव द्यायची मागणी होते आणि वर्षश्राद्धाच्या सुमारास पुतळा पूर्णाकृती बसवायचा की अर्धपुतळ्यावर भागवायचे, यावरून दोन गट पडतात.

लंडनचा हा नियम घरांवरच्या निळ्या फलकांचा आहे. रस्त्याने जाताना एखाद्या साध्याशा घराच्या भिंतीत साडेएकोणीस इंच व्यासाची निळी गोल चकती बसवलेली दिसते. तिच्यावर नाव, जन्म-मृत्यूची साले, माणूस कोण होता ते दोन-तीन शब्दांत, आणि ‘इथे राहत होता’. संपले. कोणाच्या शुभहस्ते, कोणाच्या अध्यक्षतेखाली, कोणाच्या प्रमुख उपस्थितीत, काहीही नाही. आपल्या सवयीच्या डोळ्यांना वाटते, उरलेला मजकूर पावसाने धुऊन नेला असणार. पाऊस तिथे धुतो ती फक्त धूळ. त्यासाठी फलकाचा पृष्ठभाग मुद्दाम किंचित फुगीर ठेवलेला असतो.

कल्पना विल्यम युअर्ट नावाच्या खासदाराची. १८६३ साली त्याने ती पार्लमेंटात मांडली. हा गृहस्थ सार्वजनिक वाचनालयांच्या कायद्यासाठीही झटला होता, म्हणजे लोकांनी काहीतरी वाचावे असे त्याला मनापासून वाटत असावे, मग ते पुस्तक असो की भिंत. काम प्रत्यक्षात उचलले ते १८६६ साली सोसायटी ऑफ आर्ट्स या संस्थेने. पुढच्याच वर्षी कवी बायरनच्या जन्मघरावर पहिला फलक लागला आणि १८८९ साली ते घरच पाडले गेले. प्रथमग्रासे मक्षिकापात म्हणतात तो हा, फक्त माशी पडायला बावीस वर्षे लागली.

त्याच १८६७ साली आणखी एक फलक लागला, तो तिसऱ्या नेपोलियनच्या घरावर. आज टिकून असलेला सगळ्यात जुना फलक हाच. गंमत अशी, की त्या वेळी तिसरा नेपोलियन हयात होता आणि फ्रान्सच्या गादीवर बसलेला होता. फलकावर त्याच्या साम्राज्याचा गरुडही आहे. फलक लागून तीन वर्षे होतात न होतात तोच सेदानच्या लढाईत गादी गेली आणि बादशहा पुन्हा इंग्लंडातच येऊन राहिला. जिवंत माणसाच्या नावाने पाटी लावू नये, हे इंग्रजांना कोणत्या ज्योतिष्याने सांगितले नाही. एवढा एक अनुभव त्यांना पुरला असावा.

आपल्याकडचे शास्त्र नेमके उलटे. आपल्या पाटीवरचा माणूस जिवंत असणे ही पहिली अट, आणि तो पाटीखाली हार घालून उभा असणे ही दुसरी. बसथांब्यावर, बागेतल्या बाकावर, ओपन जिमच्या लोखंडी खांबावर ‘यांच्या प्रयत्नांतून’ आणि ‘यांच्या विकासनिधीतून’ ही दोन नावे इतक्या ठसठशीत अक्षरांत असतात, की बाकाला टेकून बसणाऱ्याच्या सदऱ्यावर ती उमटायची. कोनशिला बसते, काम होत नाही आणि काही वर्षांनी मोकळ्या रानात ती एकटीच उभी असते. तिला स्मृतिफलक म्हणायला माझी हरकत नाही. जे झाले नाही त्याची आठवण तीच तेवढी ठेवते.

लंडनच्या या योजनेशिवाय ठिकठिकाणच्या सिव्हिक सोसायट्या आणि नगरपालिका इंग्लंडात आपापले फलक लावतात. त्यातल्या स्कारबरोच्या एका फलकाचा किस्सा सांगण्यासारखा आहे. जिमी सॅव्हिल या टीव्हीवरच्या लाडक्या माणसाच्या घरावर मृत्यूनंतर फलक लागला. २०१२ साली त्याची काळी कृत्ये बाहेर आली, लोकांनी फलक विद्रूप केला आणि तो उतरवावा लागला. वीस वर्षे म्हणजे नुसता खडूसपणा नाही, हे इथे पटते. माणसाचे दोष बाहेर यायला वेळ लागतो, आणि कौतुक करणारे दमायलाही.

लंडनच्या मूळ योजनेचे यजमान बदलत गेले. १९०१ साली ती लंडन काउंटी कौन्सिलकडे गेली, १९६५ साली ग्रेटर लंडन कौन्सिलकडे, १९८६ साली इंग्लिश हेरिटेजकडे. सोसायटी ऑफ आर्ट्सने पस्तीस वर्षांत जे पस्तीस फलक लावले, त्यांतले निम्मेसुद्धा आज शिल्लक नाहीत. निळा रंग महाग पडतो म्हणून मध्यंतरी चॉकलेटी फलकही लावून झाले. आज दिसतो तो सुटसुटीत नमुना १९३८ साली एका कला महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याने काढला. त्याला चार गिनी मानधन मिळाले. नाव? ते कोणी लिहून ठेवले नाही. हजारभर माणसांची नावे जपणाऱ्या योजनेने ज्याच्या अक्षरांत ती जपली त्याचेच नाव हरवून टाकले. कारभार कुठलाही असो, पुण्याचा किंवा लंडनचा, इतपत आपलेपणा त्यात सापडतोच.

मराठी माणसाने लंडनला जाऊन राणीचा वाडा आणि मेणाचे पुतळे बघण्याआधी तीन भिंती बघाव्यात. पहिली हाउली प्लेसमधली. चिरोल या इंग्रज पत्रकारावर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी गेलेले लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये तिथे राहत होते. खटला हरले, पण भिंत मिळाली. दुसरी हायगेटमधल्या क्रॉमवेल अॅव्हेन्यूवरची, म्हणजे पूर्वीचे इंडिया हाउस, भारतीय विद्यार्थ्यांचे वसतिगृह. तिथे सावरकरांचा फलक १९८५ साली लागला. याच शहराने त्यांना १९१० साली अटक केली होती. पंच्याहत्तर वर्षांपूर्वी ज्याला पकडायला पोलीस धाडले, त्याच्या घराचा पत्ता पुढे आपल्याच खर्चाने कायमचा लिहून ठेवायचा, याला मन मोठे लागते किंवा दप्तर फार व्यवस्थित लागते.

तिसरी किंग हेन्रीज रोडवरची. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले ते हे घर. फलकावर त्यांचे वर्णन सामाजिक न्यायासाठी लढणारा भारतीय एवढेच आहे. हे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतले आणि तिथे स्मारक-संग्रहालय केले. त्यावर तिथल्या स्थानिक कौन्सिलने हरकत घेतली, की राहत्या घराचे संग्रहालय करायला परवानगी कुठे आहे? शेजाऱ्यांनीही येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गर्दी-गोंगाटाची तक्रार केली. प्रकरण वरपर्यंत गेले आणि २०२० साली परवानगी मिळाली. फलक गप्प असतो तोवर शेजारी त्याच्याखालून आनंदाने ये-जा करतात. घराचा दरवाजा उघडून लोक आत येऊ लागले, की सोसायटीची सभा बोलावली जाते. यात परदेशी असे काही नाही.

मला सगळ्यात जास्त हेवा वाटतो तो वर्णनाच्या त्या दोन-तीन शब्दांचा. सावरकरांना फलकावर देशभक्त आणि तत्त्वज्ञ म्हटले आहे. टॉटनहॅममध्ये ल्यूक हॉवर्ड या हवामान-अभ्यासकाचे घर आहे. तिथल्या फलकावर लिहिले आहे, की हा ढगांना नावे ठेवणारा. (नुसती नावे ठेवण्याबद्दल फलक मिळत असता तर आमच्या पेठेत भिंती कमी पडल्या असत्या.) हे काम आपल्याकडे द्या. नावाआधी सहकारमहर्षी, मग लोकनेते, मग कार्यसम्राट, मग विकासपुरुष असे करत करत साडेएकोणीस इंच संपतात आणि नावाला जागाच राहत नाही. ते मग खाली बारीक अक्षरांत येते, आणि त्याच्याही खाली येतो छपाई करणाऱ्याचा मोबाइल नंबर.

इंग्लिश हेरिटेजने २०१० साली एक मार्गदर्शक पुस्तिका काढली, गावोगाव असे फलक लावू पाहणाऱ्या हौशी मंडळींसाठी. योजना कशी सुरू करावी, माणूस कसा निवडावा, पुरावा कसा तपासावा, पैसा कुठून आणावा, पुढे फलकाची काळजी कोणी घ्यावी. मी असले नियम कादंबरीसारखे वाचतो. प्रत्येक नियमाच्या मागे कोणीतरी कधीतरी घातलेला गोंधळ असतो आणि तो ओळखायचा नाद लागतो. लंडनचेच नियम घ्या. एका माणसाला एकच फलक. एका इमारतीवर दोनांपेक्षा जास्त नाहीत. तो माणूस राहत असताना होती ती इमारत उभी हवी. फलक रस्त्यावरून दिसला पाहिजे. कादंबरीतल्या पात्रांना फलक नाही. सूचना एकदा नाकारली, की त्याच माणसासाठी पुन्हा दहा वर्षे यायचे नाही. हा शेवटचा नियम ज्याने केला, त्याच्या दारात रोज सकाळी कोणाचा तरी पुतण्या येऊन बसत असणार.

इमारत तीच हवी, या नियमाची आपल्याला मुंबईत फार गरज होती. रुडयार्ड किपलिंग जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात १८६५ साली जन्मला. तिथल्या डीनच्या बंगल्याशी त्याचा पुतळा आणि तो इथे जन्मल्याची पाटी आहे. बंगला मात्र त्याच्या जन्मानंतर बांधलेला. आवार तेच आहे म्हणून पाटीला खोटे म्हणता येत नाही आणि बंगल्याकडे बघून खरे म्हणवत नाही.

सगळ्यात अवघड प्रकरण घरमालकाच्या संमतीचे. कार्ल मार्क्स सोहोमधल्या डीन स्ट्रीटवर २८ नंबरच्या घरात १८५१ ते १८५६ राहिला. वरच्या दोन खोल्या आणि डोक्यावर उधारी. पुढे तिथे ‘को व्हाडिस’ हे नामांकित इटालियन रेस्तराँ झाले. १९६७ साली फलकाचा विषय निघाला, तेव्हा मालकाने सांगितले, की माझ्याकडे जेवायला येतात ते श्रीमंत आणि सरदार-दरकदार, आणि तुमच्या त्या मार्क्सला नेमके तेच लोक नको होते. तरीही फलक लागला. मार्क्सचा आधीचा एक फलक दुसऱ्या घरावर १९३५ साली लावला होता. लोकांनी तो इतक्यांदा फोडला, की शेवटी काढून टाकावा लागला. रेस्तराँवरचा मात्र सुखरूप आहे. भांडवलदाराच्या भिंतीवर मार्क्स जास्त सुरक्षित राहिला, यावर ज्यांना परिसंवाद घ्यायचा आहे त्यांनी घ्यावा.

पुणे महापालिकेनेही जुन्या वाड्यांवर, घरांवर निळे फलक लावले आहेत. (पुणेरी पाट्यांवरचा विनोद मी इथे करणार नाही. तो पुरेसा झाला आहे आणि दुपारी एक ते चार बंद असतो.) ते बघूनच आमच्या पेठेतल्या चार जणांनी ठरवले, की महापालिकेच्या यादीत जे बसत नाहीत त्यांच्यासाठी आपण आपली समिती काढू. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना सर म्हणतात. खजिनदार बँकेतून निवृत्त. चिटणीस पंचविशीतला, कारण टायपिंग त्यालाच येते. आणि एक काकू, ज्यांना कोणी बोलावले नव्हते आणि ज्यांच्याशिवाय सभा झाली नसती.

पहिले नाव निघाले एका नाटककाराचे. कोणत्या वाड्यात राहत होते, यावर तीन मते, कारण ते तिन्ही वाड्यांत राहिले होते. त्यांतला एकच वाडा उभा. त्याच्या मालकीचा दावा कोर्टात, वारस पुण्यात, नाशकात, बडोद्यात आणि एक कॅनडात. पुण्यातल्या वारसाची भीती अशी, की निळी पाटी लागली तर घर हेरिटेजमध्ये जाईल आणि पुनर्विकास अडकेल. चिटणीसाने त्यांना समजावले, की लंडनमध्येसुद्धा नुसत्या फलकाने इमारतीला कायद्याचे संरक्षण मिळत नाही. त्यावर त्यांचा चेहरा खुलला आणि लगेच पडला.

“मग लावून उपयोग काय?”

शेवटी ते एका अटीवर तयार झाले. नाटककारांनी त्यांच्या आजोबांचे अकरा महिन्यांचे भाडे थकवले होते. ‘इथे राहत होते’च्या खाली तेवढे नमूद करावे.

“ही माहिती पुराव्यासकट आहे,” ते म्हणाले. “वहीच आहे आजोबांची.”

खजिनदार त्या वहीवर फार खूश झाले. आजवर आलेल्या पुराव्यांत लेखी असा हा एकच होता.

दुसरे नाव काकूंनी सुचवले. पेठेतली एक सुईण. निम्मी पेठ तिच्या हातून जन्मलेली. सर म्हणाले, “काकू, भावना समजते, पण कागदोपत्री पुरावा?”

“पुरावा?” काकू म्हणाल्या. “तुम्हीच की. पायाळू होतात. तुमच्या आईला विचारायला हवं होतं तेव्हा.”

इथे लंडनचा आधार घेण्यात अर्थ नव्हता. तिथल्या फलकांत बायकांचा वाटा पंधरा टक्क्यांच्या आसपास घुटमळतो आणि ते आता स्त्रियांची नावे सुचवा म्हणून लोकांना विनवत असतात. हजारावा फलक त्यांनी २०२३ साली विमेन्स फ्रीडम लीग या मताधिकारासाठी लढलेल्या स्त्रियांच्या संघटनेच्या जागेवर लावला, हे खरे. पण नऊशे नव्व्याण्णव लावून झाल्यावर. दोष सगळा समितीचा नाही. घर नवऱ्याच्या नावावर, वीजबिल नवऱ्याच्या नावावर, मतदारयादीत बाई उशिरा आलेली. पुरावा मागणाऱ्याला बाई सापडणार कुठे? आमच्या सुईणीचे नाव एकमताने मंजूर झाले आणि त्याच क्षणी बादही झाले. तिचा वाडा पाडून तिथे पाच मजली इमारत उभी आहे आणि ती राहत होती त्या खोलीच्या जागी आता पार्किंग आहे. काकूंनी पार्किंगच्या खांबावर फलक लावायला सुचवले. खांब एका सभासदाच्या मालकीचा निघाला.

मग पैसा. लंडनची योजनासुद्धा पैशावाचून अडली होती. २०१३ साली सरकारने अनुदानाला कात्री लावली, नव्या सूचना घेणे बंद झाले आणि २०१४ साली ती पुन्हा सुरू झाली ती खाजगी देणगीदारांच्या जोरावर. हे ऐकून खजिनदारांना हुरूप आला, कारण आमच्याकडेही देणगीदार तयार होता. पेठेतले निम्मे वाडे पाडून त्यांच्या जागी इमारती उठवणारा बिल्डर. तो सगळे फलक फुकट द्यायला तयार होता. दगड त्याच्याकडे पडून होता (तोही कुठल्या तरी वाड्याच्याच जोत्याचा). ‘सौजन्य’ म्हणून फक्त त्याचे नाव घालायचे, थोर व्यक्तीच्या नावापेक्षा एक इंच मोठे. सरांनी तत्त्वाचा प्रश्न काढला. खजिनदारांनी शिल्लक वाचून दाखवली. तत्त्व अर्ध्या इंचावर आले.

नियमावलीवरच्या चर्चेत चिटणीसाने वीस वर्षांचा नियम वाचून दाखवला तेव्हा सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी सहज विचारल्यासारखे विचारले, की ही कल्पना ज्याने काढली, तो कोण तो युअर्ट, त्याच्या घरावर फलक आहे का?

“आहे ना,” चिटणीस म्हणाला. “ईटन प्लेसला. १९६३ साली लागला.”

“म्हणजे योजना सुरू करणाऱ्याचा विचार होतो.”

“होतो. पण सर, तो १८६९ साली गेला. चौऱ्याण्णव वर्षं लागली.”

सरांनी मनातल्या मनात काहीतरी बेरीज केली. काकूंनी चहाचे कप गोळा करायला घेतले.

“हरकत नाही,” सर म्हणाले. “ठराव आजच करून ठेवू. तारखेची जागा तेवढी कोरी सोडा.”